दोन नंबरचा रिमोट

अंबादास फोनवर म्हणाला, भंगारात देऊन टाक.
भिवंडीत रात्रपाळीला उभा होता, पाठीमागं माग खडखडत होते,
मला "टाक" एवढंच नीट ऐकू आलं.
नाही टाकल्या.
दुसऱ्या दिवशी पलंगाखालचा चादरीचा खोका ओढला.
वर शिक्का: सहा नग, डबल बेड, पक्का रंग.
आत त्रेसष्ट कॅसेटी.

मे महिना, दत्तनगर, दुपारचे तीन.
डोक्यावरचा पत्रा तापून टकटक वाजतोय.
फरशीवर पाणी शिंपडून बसले
आणि पहिल्यांदा रंगावर लावल्या:
पिवळ्या एकेचाळीस, काळ्या बारा, राखाडी नऊ, एक लाल.
पिवळ्यांचाच डोंगर झाला, काही अर्थ नाही.
मग नावावर लावायला घेतल्या, तर नावंच खोटी.
वर लिहिलंय नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ,
आत तेच सात,
नुसते आभाळाचे रंग बदललेले.

आई मांडीवर सूप घेऊन पानं कापत होती.
म्हणाली, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांध की, मोजायला बरं.
दोन कट्टे झाले, तेरा उरल्या.
"तेरा छाटात गेल्या म्हण," असं म्हणून
आपली आपणच हसली.

शेवटी माझी पद्धत मला सापडली.
एकट्यानं खेळायच्या एकीकडं.
दोघांनी बरोबर खेळायच्या दुसरीकडं, त्या पाचच निघाल्या,
त्यातल्या रणगाड्यांच्या कॅसेटीत
मी शत्रू सोडून अंबादासवरच गोळ्या झाडायची.
आणि उरल्या त्या पाळीच्या.
म्हणजे अंबादास मेला की मी.

हा ढीग सगळ्यात मोठा.
बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून आणलेला तो संच,
दोन रिमोट, हातभर वायरी,
माझ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं.
कंपनीच देत नाही, हे फार उशिरा कळलं.
मला वाटायचं, आमच्याच तेवढं नाही.
मी गुडघे धरून कोपऱ्यात बसायची.
तो खड्ड्यावरून उडी घ्यायचा
आणि मी मनात, मर बे, मर की लवकर.
मरायचा नाही.
दारात येमुलांचा गोवर्धन, मेरगूंचे दोघं,
उंबऱ्याबाहेर चपलांचा ढिगारा,
"अंब्या, अजून एक लाइफ हाय!"
माझी पाळी आली की आतून हाक यायची, पानं भिजव गं.
नाहीतर लाइट जायची.

ढिगांच्या मधे घालायला पुठ्ठा हवा होता.
माळ्यावर बाबांचे जॅकार्डचे पत्ते सापडले,
दोऱ्यात ओवलेले, भोकंच भोकं.
शेठजींनी माग भंगारात काढले
तेव्हा बाबांनी एवढेच मागून आणले होते.
भोक असलं की दोरा उचलतो, नसलं की खाली राहतो,
एवढ्यावर मोर होतो बघ, असं सांगायचे,
आणि आम्ही दोघं टीव्हीकडं बघत "हं" म्हणायचो.
दोन पत्ते सोडवले. मोराची मान असेल, किंवा नुसता काठ.
कडेला जरा कातरले, मग बसले नीट.

हे सगळं झाल्यावर एक पिवळी उलटी पडलेली दिसली.
पाठीवर ब्लेडनं कोरलेलं: ल.
लावण्याचा ल.
अक्षर माझं नाही. शेपूट अर्धवट सोडलेला ल
अंबादासच काढतो, अजूनही, सहीतल्या आडनावात.
लेबल बघितलं. एकट्यानं खेळायची होती.
मला कधी दिली नाही. की दिली होती,
आणि मी पानं भिजवायला गेले होते.

रात्री फोन लावला. माग चालूच.
कधी कोरलास रे?
काय?
ल.
ऐकू येईना गं. टाकल्यास का?
लावल्या, म्हटलं.
बरं केलंस, म्हणाला,
आणि त्याला नक्की काय ऐकू गेलं कुणास ठाऊक.

खोका परत पलंगाखाली सरकवला.
बासष्ट.