साडेसात तास

संस्थेच्या भिंतीवर आता दोन घड्याळं.
एक दूध संघानं दिलेलं, पाच मिनिटं पुढं,
कॅनची गाडी चुकू नये म्हणून.
दुसरं मी जयसिंगपुरातनं आणलं, भरतेशचं.
तो साउथलंडला, पृथ्वी संपते त्याच्या जरा अलीकडं,
साडेसहाशे गाई पिळतो.

फरक साडेसात तासांचा.
आई म्हणाली, साडेसातीच म्हणायची की ही.
एप्रिलात एका रविवारी तो म्हणाला,
दादा, आजपासून साडेसहा. सरकारनं काटा मागं घेतला.
कट्ट्यावर हसून लोळले सगळे:
आमच्या सरकारला वेळेवर बिल काढायला जमंना,
आणि तिथलं वेळच हलवतंय!
सप्टेंबर सरता सरता तो तास परत आला.
मधे कुठं ठेवला होता, कुणी विचारलं नाही.

त्याच्या गाईंना नावं नाहीत.
कानात पिवळा बिल्ला, चारशे सतरा.
आमची मोरणी हाक मारल्याशिवाय पान्हा सोडत नाही
आणि हाकही आईचीच लागते.

तिथं शेजारी चार किलोमीटरवर.
समोरून गाडी आली तर
स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, झाला नमस्कार.
दोन वर्षांत अकरा वाक्यं बोलला असेल,
भरतेश म्हणतो, त्यातली सहा पावसावर.
पण ह्याचा हात मोडला तेव्हा
तोच माणूस तीन आठवडे पहाटे येऊन
न बोलता गाई पिळून गेला.

इथं आण्णासो उसाचा ट्रॅक्टर भर रस्त्यात थांबवून
विचारणार, काय, जेवलासा?
मागं सात ट्रॉल्या अडू देत,
उत्तर ऐकल्याशिवाय गिअर पडायचा नाही.
फवारणीचा पंप मात्र
गेल्या दिवाळीपासनं त्याच्याकडंच आहे.

आई दिवस मावळायच्या आत जेवते.
फोनवर पहिला प्रश्न तोच: उजेडात जेवलास न्हवं?
तो म्हणतो, आई, इथं रात्री नऊला ऊन आहे.
हे तिला फार पटलं.
एवढ्या एका गोष्टीवर तिनं त्या देशाला माफ केलं.
जूनमधल्या पाच वाजताच्या अंधाराचं
आम्ही दोघांनी तिला सांगितलेलं नाही.

कार्तिकात एका मंगळवारी रात्री मोरणी अडली.
डॉक्टर सांगलीत, लग्नाला.
मी बॅटरी तोंडात धरली, फोन गव्हाणीला टेकवला.
पडद्यावर भरतेश, रबरी बुटात,
मागं लख्ख सकाळ, बुधवारची.
'पुढचे पाय बघ. दोन्ही लागतात का हाताला?
कळ आली की ओढ. ती थांबली की तूबी थांब.'
आणि मधे मधे च्च, च्च,
अगदी आप्पा करायचे तसं.
अकरा वाजून दहा मिनिटांनी रेडी झाली.
मोरणी तिला चाटायला लागली
आणि तिथं मागं कुणीतरी त्याला कामाला हाक मारली.

सकाळी मी रजिस्टरात मंगळवार लिहिणार,
तर आईनं हात धरला:
मंगळी कोण म्हणवून घेईल तिला?
ज्यानं सोडवली त्याचा वार धर.
म्हणून नाव बुधी, वार बुध, तारीख मंगळवारची.
संघाचा सुपरवायझर दर महिन्याला
त्या ओळीवर बोट ठेवतो
आणि चहा पिऊन जातो.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या घड्याळाचा सेल संपला.
साडेतीनवर थांबलंय.
बदलीन. घाई नाही.
त्याच्या उठायची वेळ ती.
दुधाचं माप घेता घेता मान वर करावी
तर बघंल तेव्हा तो
अंधारात बूट शोधत असतो.