पाणसळ

तीन महिने केक एका अंगाला फुगतो,
डावीकडे टेकडी, उजवीकडे बोटभर पातळ कड,
तीही मागच्या कोपऱ्यात करपलेली.

मी सोडा बदलला. दही बदललं.
मैदा तीनदा चाळला, मग चारदा.
कुपवाड रोडच्या दुकानदाराला जाऊन सुनावलं,
तुमचा माल जुना.
तो बिचारा पिशवी परत घ्यायला तयार झाला
आणि मग मलाच लाज वाटली,
त्याच मैद्याच्या शंकरपाळ्या
परवा एकसारख्या झाल्या होत्या.

ऑर्डरी मात्र थांबत नव्हत्या.
बिनअंड्याचा केक गल्लीत मीच करते.
सुरीने टेकडी कापायची, क्रीमने झाकायचं,
वर चेरी अशी लावायची की नजर तिथेच अडकावी.
कापलेली टेकडी दारातल्या पोरांना.
त्यांनी तिचं नाव दंडोबा ठेवलं,
आणि शनिवारी चार वाजता
दंडोबाची वाट बघत पायरीवर रांग.

पद्मण्णा चौगुले आले ते नातीच्या केकचं सांगायला.
चौतीस वर्षं फौंड्रीत साचे केलेले हात,
अजून काही उचलायच्या आधी
वस्तूच्या भोवती एक फेरी मारतात.
ओव्हनभोवती फेरी मारता येईना, भिंत आड आली.
घरी गेले. पाणसळ घेऊन आले.

ओट्यावर ठेवली.
आतला बुडबुडा
सरळ उजवीकडे निघून गेला,
जणू त्याला कुठे जायचं ते आधीपासून ठाऊक होतं.

"अक्का, तुमचा मैदा निर्दोष हाय.
ओटा बेसिनकडं उतरतोय.
गवंड्यानं पाणी जायला उतार दिलाय,
केक करणार म्हणून तुम्ही त्याला सांगितलंवतं का?"
नव्हतं सांगितलं.
"ओतकामातबी असंच. साचा कलला
की एक भिंत जाड, एक पातळ.
आणि आम्ही आठवडाभर लोखंडाला शिव्या देणार."

लाइटबिलाची चौपदरी घडी डाव्या पायाखाली.
बुडबुडा मध्ये आला, थरथरला, बसला.

करपलेल्या कोपऱ्याचं मग मी विचारलं.
त्यांनी पावाची लादी मागवली नाही, स्लाइस मागवले,
जाळीवर अंथरले, शेजारी शेजारी, बारा,
आणि घड्याळ बघत उभे राहिलो आम्ही,
दोघंही न बोलता,
तापलेल्या पेटीतून येणारा भाजका वास घेत.

बाहेर काढला तर तो नकाशाच होता.
पुढचे चार फिके,
मधले गव्हाळ,
मागचा उजवा काळाकुट्ट.
म्हणजे माझ्या ओव्हनला एक कोपरा आहे
जिथे त्याचा राग असतो.
इतकी वर्षं एकत्र राहून
मला तो पावाने दाखवावा लागला.

आता बटण लावून वीस मिनिटं थांबते,
दिवा विझला तरी लगेच विश्वास ठेवत नाही.
संध्याकाळी सातनंतर भाजत नाही, व्होल्टेज पडतं.
जाळी एक घर खाली.
आणि अर्ध्या तासाने, त्याआधी नाही,
आधी दार उघडलं तर मधोमध खड्डा पडतो,
टिन अर्धा गोल फिरवते.

नातीचा केक सपाट झाला. टेबलासारखा.
पद्मण्णांनी त्यावरही पाणसळ धरायला मागितली,
मी कापड गुंडाळून दिली.

चारला पायरीवर तीच रांग.
सन्मती, सगळ्यात धाकटा, जाळीतून हात घालून:
"काकू, आज दंडोबा नाही?"

नाही रे, आज दंडोबा नाही.
बाकीची उठून गेली,
तो बसून राहिला,
करपलेल्या स्लाइसला साखर लावून दिली ती
खाल्ली, पण मान खाली घालून.

आता सोमवार ते शुक्रवार
बिलाची घडी पायाखाली असते.
शनिवारी सकाळी, ऑर्डरी देऊन झाल्या
की एक शेवटचा, छोटा टिन उरतो.
मी वाकते,
घडी काढून घेते.