पाण्यात मासा, बाहेर मोल

आईच्या नावचे चारशे शेअर
आम्हा तिघांत अजून एकच गठ्ठा आहेत.
विकायचे की ठेवायचे, शुक्रवारपर्यंत सांगा,
असं बँकेच्या बाईनं दोनदा कळवलं.

रांगहिल्ड गाडी काढून थेट फ्योर्डवर गेली.
पिंजऱ्याच्या कठड्यावर ओणवी होऊन
जाळीतला सॅमन उचलते, उलटा धरते,
अंगावरच्या उवा मोजते.
मग खाद्याची बिलं, कर्जाचे हप्ते,
बोटीच्या इंजिनाचं वय,
आणि जेवणाच्या सुट्टीत कामगार काय बोलतात
तेही वहीत, समासात.
"धंदा ठणठणीत आहे," तिचा फोन. "भाव मूर्ख आहे."

आइविंद बर्गनच्या फ्लॅटमधून हलत नाही.
त्यानं जन्मात मासा साफ केलेला नाही,
वासच सहन होत नाही त्याला.
पडद्यावर लाल-हिरव्या मेणबत्त्या,
पन्नास दिवसांची सरासरी
दोनशे दिवसांच्या सरासरीखाली घसरलेली.
"कुणाला तरी काहीतरी कळलंय," तो म्हणतो,
"काय, ते मला कळायची गरज नाही.
बर्फात पावलं दिसतात ना, पुरे.
प्राणी कुठला, ते रांगहिल्डला विचार."

"पावलं होऊन गेल्याची असतात," ती.
"ताळेबंद काय उद्याचा असतो?" तो.
यावर दोघंही गप्प.
कॉफी माझ्या घरची.

मी शाळेत भूगोल शिकवतो.
मला नकाशाही खरा वाटतो, चिखलही.

आई याच कंपनीत एकवीस वर्षं मासे चिरत होती.
शेअर कधी घेतले, कागदांत शोधलं:
कंपनी तोट्यात, आलेख उतरणीला,
दोन्ही शास्त्रांत नापास अशी खरेदी.
मग आठवलं, त्याच हिवाळ्यात
जुना मुकादम गेला होता,
आणि आईच्या हातात पहिल्यांदा
कंपनीचे लोकरी मोजे आले होते.

"बघ, आतून पाहिलं तिनं," रांगहिल्ड म्हणाली.
"बघ, तळ बरोब्बर पकडला," आइविंद म्हणाला.
मेलेल्या आईला दोघांनी
आपापल्या बाजूच्या खुर्चीत बसवलं.

आज गुरुवार.
भाव आणखी दीड टक्का खाली.
तिकडे गार काळ्या पाण्यात
मासे आज चिमूटभर जाड झाले असतील,
त्यांना कुणी काही कळवलेलं नाही.

बाईंना पत्र लिहायला घेतलंय.
"आपले," इथपर्यंत झालंय.