दाराआडचा हात

बांबोळीच्या डॉक्टरीणबाई विचारतात,
नजरेला नजर देतो का?
मी म्हणते, देतो,
पण तुम्ही दुसरीकडे बघत असताना.
त्यांचं पेन कागदावर चौकट शोधत राहतं.
अशी चौकट छापलेली नाही.

चोडणला आमच्या दारावरून
रोज सकाळी इनास पोदेर जातो.
सायकलीचा भोंपू वाजला
की दत्तराज दोन्ही कान गच्च दाबतो,
मग अंगठ्याखालचा घट्टा चावतो
आणि पळत सुटतो.
आत नाही हो, दाराकडेच.
दाराआड उभा राहतो, तोंड भिंतीला,
आणि एक हात मागच्या मागे बाहेर काढतो,
तळव्यात घामेजलेली वीसची नोट.
"इनास आयलो, इनास आयलो, इनास आयलो,"
भिंतीला सांगतो.

शेजारची शुभलतावैनी म्हणते, लाजरा गो.
शाळेतल्या बाई म्हणतात, उद्धट.
दिराने मोबाईलवर सगळं वाचलंय.

पुण्याहून रक्ताच्या नळीचं उत्तर आलं
दीड महिन्याने:
तीन अक्षरं, एका जागी अडकलेली,
दोनशेहून जास्त वेळा तीच ती.
त्या संध्याकाळी फेरीबोटीत मी मोजलं,
तो एकच वाक्य किती वेळा बोलतो.
"रॅम्प वर गेलो? रॅम्प वर गेलो?"
रायबंदरचा धक्का येईतो एकेचाळीस.
दोनशे व्हायला मांडवी आणखी रुंद हवी.

ती अक्षरं माझ्यातूनच गेली.
माझ्यात ती थोडी होती, गप्प बसलेली.
माझ्यात आली बाबांकडून,
ज्यांच्या कपातला चहा
सत्तरीनंतर बशीत सांडू लागला
आणि आम्ही म्हणत राहिलो, वय झालं.
बाबांनी मला पाच माड दिले, एक पाटली दिली,
आणि हे.
त्यांनाही कुठे ठाऊक होतं.

पर्वरीच्या केंद्रात फिलूची रोविना भेटते.
तिच्या आजाराचं नाव वेगळं,
माझ्या जिभेवर अजून न बसलेलं.
ती दिसेल त्याच्या गळ्यात पडते,
रिक्षावाल्याला विचारते, तुझी आई बरी आहे ना?
फिलू रात्री दाराला दोन कड्या लावते,
ही कुणाही बरोबर हसत निघून जाईल म्हणून.
आम्ही दोघी बाकावर बसून सौदा करतो:
तू मला तिची एक मिठी दे,
मी तुला याची मूठभर भीती देते.
मग दोघी घड्याळ बघतो.
आत रोविना त्याच्याकडे धावते,
तो टेबलाखाली जातो
आणि तिथून तिच्या चपलेचा पट्टा धरून ठेवतो.
हे "इतर मुलांत रस" मध्ये धरायचं का,
मी विचारलं नाही.

परवा भोंपू वाजलाच नाही.
मला वाटलं, इनासच्या घरी फेस्त असेल.
बघते तर वळणावरच उतरलेला,
सायकल हाताने ढकलत आणतोय,
पाव झाकायचं निळं प्लास्टिक
वाजू नये म्हणून दाबून धरलेलं.
उंबऱ्याशी आला
आणि सरळ पाठ फिरवून उभा राहिला,
तोंड खारफुटीकडे,
एक हात मागे, हातात उंडो.

दोन पाठी.
मध्ये दोन हात चाचपडत.
एक पाव खाली पडला.
दुसऱ्या वेळी बोटांना बोटं लागली
आणि कुणी हात काढून घेतला नाही.

"कोण रे?" इनासने खारफुटीला विचारलं.
भिंतीशी बराच वेळ काही नाही.
मी चुलीवरचं दूध ऊतू जाऊ दिलं.
"दत्तराज."
आणि लगेच, जरा चिडूनच,
"भोंपू खंय? भोंपू खंय? भोंपू खंय?"

इनास हसला, वळला मात्र नाही.
मागे हात नेऊन अगदी हळू दाबला.
पों.

दाराआड माझा लेक,
एका कानावर हात,
दुसऱ्या कानावर गरम उंडो.