ओळखीची सही

रात्रीचे दोन. दांडिया बजारात
खालच्या फरसाणवाल्याचं शटर केव्हाच पडलंय.
लॅपटॉप इतका नवा की झाकणावरची फिल्मही काढली नाही,
आणि काळ्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ:
बूट करण्याजोगं काही सापडलं नाही.

"लिनक्स? थई जशे," म्हणाला होता दुकानदार.
पेन ड्राइव्ह तीनदा नव्याने लिहिला,
पोर्ट बदललं. एफ-टू, एफ-ट्वेल्व्ह, डिलीट,
कुणी कडी वाजवत राहावं तशी बोटं.
हेमांगिनी झोपेतच पुटपुटली,
"बंद करून चालू कर ना."
तेही केलं.

मग बायॉसच्या तिसऱ्या पानावर, कोपऱ्यात:
सिक्युअर बूट, चालू.
म्हणजे यंत्र धड होतं, पेन ड्राइव्हही.
फक्त सही ओळखीची नव्हती.

हसू आलं. परवाच पुण्याचा मावसभाऊ फोनवर,
"पण तुम्ही मूळचे कुठले?"
चार पिढ्या बडोद्यात,
आणि मी नुसताच "इथलेच" म्हणालो,
त्याच्या 'इथे' बसून.

बंद केलं. सेव्ह. पंखा घुमला,
पांढरी अक्षरं भराभर वर पळाली.
पावणेचारला मेनू उगवला:
एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं,
निवडायला दहा सेकंद.

वायफाय अजून दिसत नाही.
ते उद्या.