तीनशे सीसी

रुअरीची क्वाड सातशे सीसीची.
पुढे विंच, मुठी गरम होणाऱ्या,
किंमत विचारली की तो आधी समुद्राकडे बघतो.
आमची तीनशेची, तिसऱ्या हातची,
लाल रंग उडून गुलाबी झालेली.
दोघी शेजारी उभ्या केल्या तेव्हा
गावातले चारही पुरुष बाहेर आले.
लुईस बेटाच्या या टोकाला चार म्हणजे जत्रा.
कुणी टायर दाबून पाहिलं, कुणी ओणवं होऊन डिफ.
मला कुणी काही विचारलं नाही,
वेल्डिंगचा चष्मा माझ्याच कपाळावर असून.

तोर्मोद, माझा बाप, एवढंच म्हणाला,
आपला तो बाब्या.

मग दोघी माळावर नेल्या, पीट आणायला.
पीट म्हणजे काही हजार वर्षांचं शेवाळ,
दबून काळं झालेलं; विटांसारखं कापायचं,
वाऱ्यावर सुकवायचं, हिवाळाभर जाळायचं.
ते जिथे असतं तिथली जमीन
जमीन असल्याचं नुसतं सोंग करते.
रुअरीची पन्नास यार्ड झोकात गेली
आणि मग हळूहळू, मान न झुकवता,
खाली बसली.
चिखलाला सीसी कळत नाहीत.
त्याला वजन कळतं.

आम्ही तिला ओढून काढली. विंच तिचंच, नांगर आमचा.
त्यावर कुणी काही बोललं नाही. सभ्य गाव आहे.

पण खरं काम नोव्हेंबरात सुरू झालं,
बापाचा उजवा हात रुसला तेव्हा.
डॉक्टरने इंग्रजीत एक शब्द सांगितला,
बापाने गेलिकमध्ये एक शिवी,
आणि मी शेडचा दिवा लावला.

टायर बदलले: रुंद, मऊ, हवा इतकी कमी
की अंगठ्याने दाबलं तर खळी पडावी.
श्वासाच्या नळ्या वर घेतल्या, हँडलपर्यंत,
बेसिनखालच्या पाइपाचा तुकडा जोडून.
मागचा रॅक कोळ्यांच्या क्रेटच्या मापाचा;
एक मेंढी, तिने मनावर घेतलं तर, आडवी मावते.
पोटाला पत्रा हवा होता, दगडांसाठी.
वादळाने पाडलेली रस्त्यावरची पाटी मिळाली,
एकेरी रस्त्याला जिथे फुगवटा असतो तिथली:
थांबा, समोरच्याला जाऊ द्या, या अर्थाची.
कापली, वाकवली, अक्षरं तशीच ठेवून ठोकली.

शेवटी थ्रॉटल.
अंगठ्याने दाबायची ती पट्टी उजवीकडची डावीकडे आणली.
दोन संध्याकाळी, एक चुकीची केबल,
आणि नट असा पडला की अजून सापडला नाही.
बाप दारात उभा, डावा हात खिशात,
जणू त्याला परीक्षेला बसवलंय.
पहिले चार दिवस तो वळायला जायचा
आणि गाडी पळायची.
कोंबड्या शहाण्या झाल्या.

मार्चमध्ये एका दुपारी तो वेळेवर आला नाही.
मी पायीच निघाले, चाकांच्या दोन रेघा धरून.
नाल्याच्या काठी रेघा एकदम संपल्या.
खाली क्वाड कुशीवर पडलेली, पुढचं चाक
अजून सावकाश फिरत, कुणाची तरी वाट पाहिल्यासारखं.
आणि बाप हीदरच्या झुडपात बसलेला,
टोपी गेलेली, पाय पसरून,
तिच्या पोटाकडे टक लावून.

लागलं का? मी ओरडले.
वाचलो, म्हणाला.
मग डाव्या हाताने पत्र्याकडे बोट करून,
वाचलं.

मी शेजारी बसले. पेट्रोलचा वास, ओल्या लोकरीचा वास.
मधून एक मेंढी आली, आम्हाला बघून थबकली,
आणि आम्ही दोघांनी, पाटीवर लिहिलं होतं म्हणून,
पाय आवरून
तिला जाऊ दिलं.