तीनशे साड्यांवर राजी

शेजारच्या प्रज्वलनं मोबाईलवर टाकलं,
इकडं बेळगाव, तिकडं वेलिंग्टन,
आणि मागाच्या खडखडाटावर ओरडला,
"काका, हन्नेरडु साविर! बारा हजार किलोमीटर.
विमानाला पंधरा तास."

मी बटण दाबून माग थांबवला.
आपला थांबला की वडगावात
बाकीच्या गल्लीचे माग ऐकू यायला लागतात.

पंधरा कसे?
राजी परवा दुपारी गेली सांबऱ्यावरून,
मग बेंगळूर, मग सिंगापूर,
तिथं बाकावर अकरा तास, पिशवी उशाला.
अजून तिचं "पोचले" आलेलं नाही.

"ते सरळ रेघेचं हो, काका.
इथून उठलं आणि थेट तिथंच बसलं तर."
तसलं विमान आहे?
"नाही."
मग हे पंधरा तास कुणाचे?
"हिशेबाचे," म्हणाला, आणि दूध आणायला गेला.

सांबऱ्याला काउंटरवरच्या पोरीनं
दोन कागद शेजारी शेजारी धरले होते,
पासपोर्टावर बेळगाम, तिकिटावर बेळगावी.
ही दोन गावं का?
नाही बाई, एकच.
मधलं अंतर मोजायला बसलीस
तर हिचं विमान चुकेल.

रात्री जरीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मी मांडलं.
एका साडीला चाळीस किलोमीटर सूत,
ताण्याला पंचवीस, बाण्याला पंधरा, थोडं इकडंतिकडं.
म्हणजे पहिली साडी हत्तरगीच्या टोलनाक्याला,
दुसरी निपाणी,
तिसरी कोल्हापुरात शिरली,
वाटेत कुणी विचारलं नाही तू कुठल्या राज्यातली.
दिशा चुकली म्हणा,
मला रस्ता तेवढाच पाठ.

बारा हजाराला तीनशे साड्या.
दिवसाला दोन, करंट असला तर.
करंट जाणार, कांडी संपणार, कुणाचं तरी लग्न निघणार,
धरा सहा महिने.
जाऊन-येऊन एक वर्ष.

तेहतीस वर्षं मी हेच करतोय.
तेहतीस वेळा वेलिंग्टनला गेलो
आणि दारात न टेकता परत आलो,
पोरगी तिथं म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला
जाणार आहे हे ठाऊक नसताना.
सगळं सूत गेलं दुसऱ्यांच्या बायकांच्या अंगावर,
कुठं कुठं गेलं, कोण जाणे.

पुठ्ठा उशाखाली सारला.
झोप अशी लागलीच नाही.

तीन चाळीसला मोबाईल थरथरला.
"पोचले. इथं सकाळ आहे. वारा भयंकर.
जेवलात का?"

मी रत्नव्वाला हलवलं.
काय कळवू गं?

तिनं कूस बदलली नाही.
"झोपलोय म्हणून कळवा."